मॉन्टेरे बे अ‍ॅक्वेरियम : जिला नाव मिळालं ती घरी गेली नाही

लेक म्हणते, "आई, तुला स्वर्गात नेलं तरी तू तिथल्या चपला काढायच्या जागेला नावं ठेवशील." ठेवीन की. सावंतवाडीला एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, लाल पेन काही हातातून सुटत नाही. पण या खेपेला मजा अशी झाली की जिथे नेलं तिथे नाव ठेवण्याचा अर्थच वेगळा निघाला. ते पुढे येईलच.

आम्ही गेलो होतो २०२३ च्या ऑक्टोबरात, शेवटच्या शनिवारी. आता लिहायला बसले कारण माझ्या दोन मैत्रिणी मुलांकडे कॅलिफोर्नियाला निघाल्यात आणि "तिकडे बघण्यासारखं काय?" म्हणून रोज विचारतायत. गोल्डन गेटचा पूल सगळेच दाखवतात. मी सांगते, मॉन्टेरेला जा, आणि जाताना स्वेटर घ्या. "कॅलिफोर्निया म्हणजे ऊन" हा समज तिथल्या समुद्राने मी गाडीतून उतरल्यापासून पाच मिनिटांत काढून टाकला.

लेकीच्या गावाहून, सनीव्हेलहून, गाडीने दीड तास. तिकीट तेव्हा माणशी साठ डॉलरच्या घरात होतं. तिकडे गेल्यावर रुपयांत हिशेब करायचा नाही असं जावईबापू बजावतात, पण माझ्या डोक्यातलं यंत्र बंद होत नाही: पाच हजार. आमचे हे तर म्हणाले, "पाच हजारांत मालवणच्या बाजारातले सगळे मासे विकत घेऊन परत समुद्रात सोडले असते." तिकीट घरूनच ऑनलाइन काढून ठेवा. आणि शनिवार टाळा. आम्ही टाळला नाही, त्यामुळे अर्धं अ‍ॅक्वेरियम मी लोकांच्या पाठींमधून पाहिलं, दोष आमचाच. गाडी लावली चढावरच्या एका खासगी जागेत. तिथल्या यंत्रात जावयाने गाडीच्या नंबरातलं एक अक्षर चुकीचं दाबलं आणि महिन्याभराने दंडाची चिठ्ठी घरी आली. तर तेही नीट दाबा.

इमारत पाहूनच मला आपलं वाटलं, कारण तो तारल्यांचा कारखाना. म्हणजे होता. त्या रस्त्याचं नावच कॅनरी रो, मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांची रांग. एकेकाळी या खाडीत सार्डिन म्हणजे तारले इतके मिळत की दिवसरात्र भोंगे वाजायचे. मग भरमसाट पकडून आणि समुद्राचं चक्र फिरून विसाव्या शतकाच्या मध्याला तारले संपले, कारखाने बंद पडले. हॉव्हडेन नावाच्या कारखान्याच्या जागेवर पॅकार्ड कुटुंबाच्या देणगीतून २० ऑक्टोबर १९८४ ला हे अ‍ॅक्वेरियम उघडलं. जुने बॉयलर अजून आत ठेवलेत. आमच्या यांनी त्यांच्यासमोर जितका वेळ घालवला तितका एकाही माशासमोर नाही. जेलीफिशचं दालन सुंदर आहे, केल्पच्या, म्हणजे समुद्रातल्या उंच शेवाळाच्या, जंगलाची तीन मजली उंच टाकी त्याहून सुंदर. पण त्या सगळ्याबद्दल लिहीत नाही, ते फोटोत दिसतं. मी लिहिणार आहे ते दारातून आत गेल्यावर जवळच असलेल्या दोन मजली टाकीबद्दल. आमचे साडेचार तासांतले दोन तास तिथेच गेले.

टाकीत ऊद आहेत. समुद्रातले. मराठीत पाणमांजर म्हणतात, आमच्या गावी ऊद. (उदमांजर वेगळं. ते झाडावर चढतं, फळं खातं, आणि त्याचा या घराण्याशी संबंध नाही. नावाचा घोळ आहे खरा.) वरच्या मजल्यावरून ते पाण्यावर उताणे तरंगताना दिसतात, खाली उतरलात की काचेतून पोहताना. आधी खाली जा. वर तरंगताना हा प्राणी ओली उशी वाटतो. खाली गेल्यावर कळतं की ती उशी कसली, बाण आहे. मागचे पाय वल्ह्यासारखे, शेपूट चपटी, अंगाला एक लाट येते आणि तो गेला.

नातू ओरडला, "आजी, मुंगूस!" इथे मला माझी एक जुनी चूक कबूल करायची आहे. इंग्रजी धड्यात 'वीझल' आलं की मी वर्षानुवर्षं मुलांना "मुंगसासारखा प्राणी" म्हणून सांगत आले. मुंगूस वेगळ्या कुळातलं. वीझलचं कूळ मस्टेलिडी, आणि त्यात आपल्या ओळखीचे दोघे: पाणमांजर, आणि वनखात्याच्या पाणवठ्यावरच्या गणनेत कधीमधी सापडणारं चांदी अस्वल. तेही अस्वल नव्हे. आपल्याकडे या कुळाला नावं देताना कुणीतरी फारच घाईत होतं. याच कुळात मुठीएवढं इवलंसं वीझल आहे आणि याच कुळात हा समुद्री ऊद. वजनाने सगळ्यांत मोठा तोच. कॅलिफोर्नियातली मादी वीस किलोची, नर तीसच्या आसपास, अलास्कातले आणखी थोराड. लांबीला मात्र दक्षिण अमेरिकेतला महाऊद भारी.

दिवसातून काही ठरलेल्या वेळी त्यांना खायला घालतात आणि माईकवरून माहिती सांगतात. अर्धा तास आधी जाऊन काचेला नाक लावून उभं राहा, संकोच करू नका, तिथे सगळे तसेच असतात. बादल्या आल्या. माकूल, कोळंबी, तिसऱ्या. माणसं खातात त्या प्रतीचे. रोज शरीराच्या वजनाच्या पाव हिस्सा खावं लागतं त्यांना. मी हिशेब करून यांना म्हटलं, तुम्हाला रोज सतरा किलो लागले असते. हे म्हणाले, "तू करून घालशील तर."

आणि मग ती दिसली. बाकीच्यांचं डोकं तपकिरी, हिचं पार पिकलेलं, जवळजवळ पांढरं. वय झालं की यांचं डोकं उजळत जातं. मी मेंदी लावते, ती लावत नाही, एवढाच फरक. नाव रोझा. वय चोवीस. माईकवरच्या बाईंनी सांगितलं की इथली सगळ्यांत म्हातारी तीच. रानात मादी पंधरा-वीस वर्षं जगली म्हणजे खूप झालं.

रोझा जेवायची ती बघण्यासारखी. उताणी, छातीचं ताट. ताटावर माकूल ठेवायचं, दोन हातांत धरून दातांनी ओढायचं, आणि दर चार-पाच घासांनी एक गोल लोळण. सरळ पाण्यात गिरकी घेऊन पुन्हा उताणी. मला आधी वाटलं खेळतेय. मग लक्षात आलं, पोटावरचा केर धुतेय! दर गिरकीला छातीवरचे तुकडे पाण्यात जायचे आणि ताट लख्ख. जेवण झालं की आंघोळ. तीही अशी की दोन्ही पंजांनी गाल चोळ, मान चोळ, कातडी ओढून पाठीचा भाग पोटाशी आणून चोळ (कातडी इतकी सैल की अंगरखाच), मग तोंड लावून केसांत हवा फुंक. मी घड्याळ लावलं. वीस मिनिटं झाली तरी चालूच होतं, शेवटी नातवाला शी लागली म्हणून निघालो.

हा नखरा नाही, जीव वाचवण्याचा उद्योग आहे. देवमासा, सील, सगळ्यांना कातडीखाली चरबीचा थर असतो, याला नाही. थंडगार पाण्यात याच्याकडे आहेत फक्त केस, आणि ते एका चौरस इंचात दहा लाखांपर्यंत. आपल्या अख्ख्या डोक्यावर लाखभर असतात, तेही पंचविशीत. या दाट केसांत हवा अडकते, आणि पाणी कातडीला कधी लागतच नाही. चोवीस वर्षं पाण्यात काढलेली रोझा कातडीने कोरडी होती, हे मला अजून पचत नाही. केस मळले, तेलकट झाले, की हवा निसटते आणि प्राणी थंडीने मरतो. १९८९ ला अलास्कात एक्झॉन वाल्डीझ जहाज फुटून तेल सांडलं तेव्हा हजारो ऊद गेले ते मुख्यतः याच कारणाने. व्हॉट्सअ‍ॅपवर हात धरून झोपलेल्या दोन ऊदांचा व्हिडिओ तुम्हाला "सुप्रभात"सोबत आला असेल. व्हँकुव्हरच्या अ‍ॅक्वेरियममधला आहे. त्यातली एक मादी त्या तेलातून पिल्लू असताना वाचलेली.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम बघायला थांबले: काखेतला खिसा. पुढच्या पायाखाली सैल कातडीची पिशवीच असते. रानातला ऊद बुडी मारून तिसऱ्या, कुर्ल्या, अर्चिन (काटेरी गोळ्यासारखे समुद्री जीव) गोळा करतो ते काखेत कोंबून वर आणतो, आणि तिथेच आपला आवडता दगडही बाळगतो. उताणं पडायचं, दगड छातीवर ठेवायचा, त्यावर शिंपला आपटायचा. आमची आजी कनवटीला सुपारी आणि अडकित्ता ठेवायची, तशातली गत. आणि कोण काय खातो हेही घराघरावर. कुणी फक्त कुर्ल्यांवर, कुणी अर्चिनवर, आणि ती खोड मुलीला आईकडून. मालवणी घरातली मुलगी आईच्याच हातचं तिखलं करते, तसं.

आता नावाची गोष्ट.

माईकवर एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं: या सगळ्या "नॉन-रिलीझेबल" आहेत. म्हणजे परत सोडता न येण्याजोग्या. किनाऱ्यावर आईवेगळी पिल्लं सापडतात, आजारी ऊद सापडतात, अ‍ॅक्वेरियमवाले १९८४ पासून त्यांना आणून वाढवतात, बरं करतात. ज्याला परत सोडायचं त्याला नाव देत नाहीत. नंबर. परत जाणं जमणार नाही असं ठरलं, की मग नाव. हे ऐकून मी जागीच थांबले. आपल्याकडे बारशाला नाव ठेवतात ते घरात घेतल्याची खूण म्हणून. इथेही तसंच म्हणा. फक्त घरात घेणं म्हणजेच घर कायमचं सुटणं.

रोझा १९९९ ला सापडली, चारेक आठवड्यांची, सव्वादोन किलो. तेव्हा अशा पिल्लांना माणसं वाढवत. माणूसच बाटली द्यायचा, माणूसच केस विंचरायचा, माणूसच पाण्यात उतरून बुडी शिकवायचा. इतक्या लहान पिल्लाला बुडताच येत नाही, त्याच्या लवेत एवढी हवा असते की ते बुचासारखं वर येतं. रोझा शिकली, मोठी झाली, तिला समुद्रात सोडलं. आणि ती गेली ती थेट माणसांकडे. कयाकवर चढून बसायची, पाण्यात बुड्या मारणाऱ्या माणसांना जाऊन चिकटायची. तिच्या लेखी ती घरच्याच माणसांकडे जात होती. वीस किलोचा, तिसऱ्या फोडणारे दात असलेला प्राणी होडीत उडी मारतो हे माणसालाही बरं नाही आणि त्याला तर नाहीच. २००२ ला तिला परत आणलं, कायमचं. माझ्या मते नापास रोझा झाली नाही, नापास पद्धत झाली. आणि ती त्यांनी बदलली, म्हणून मी या जागेला मार्क देते.

बदलली कशी? २००१ साली टूला नावाची एक मादी आजारी अवस्थेत सापडली. तिला टॉक्सोप्लाझ्मा झाला होता, झटके यायचे. हा जंतू मांजरांच्या विष्ठेतून पावसाच्या पाण्याबरोबर समुद्रात जातो. तिचं पिल्लू मेलेलं जन्मलं, आणि त्याच सुमारास एक अनाथ पिल्लू हाती आलं. ते तिच्यापाशी ठेवून पाहिलं. तिने उचलून छातीवर घेतलं. तिथून सगळं फिरलं. टूलाने पुढे तेरा पिल्लं वाढवली. २००६ ला कॅलिफोर्नियात कायदा झाला की मांजरांच्या वाळूच्या पिशवीवर सूचना छापायची: घाण शौचकुपात किंवा गटारात टाकू नका. त्यामागे टूलाची हकीकतही होती. लेकीकडे मांजर आहे. घरी येऊन पिशवी पाहिली. छापलेलं आहे.

तेव्हापासून पिल्लाला माणूस दिसूच द्यायचा नाही असा नेम. पडद्यामागे ज्यांना काम करावं लागतं ते काळा झगा आणि वेल्डिंग करणाऱ्याचा मुखवटा घालतात, पिल्लाला माणसाची चव लागू नये म्हणून. बुडी कशी मारायची, शिंपला कसा फोडायचा, कोणाशी भांडायचं, हे सगळं शिकवतात या नाववाल्या बायका. रोझाने पंधरा पिल्लं वाढवली. जिला माणसांनी वाढवलं म्हणून घर गमवावं लागलं, तिने पंधरा जणांना माणसाशिवाय राहायला शिकवलं. ते काम आपल्याला टाकीत दिसत नाही, दाखवतही नाहीत, आणि तेच बरोबर आहे. काचेसमोर दिसते ती सुट्टीवरची बाई.

आमचे हे बँकेत होते, त्यांना हिशेब पटवावा लागतो. खाली बाकावर बसल्याबसल्या म्हणाले, "काही म्हण, जन्मठेपच ही." मी वाद घातला नाही. टाकी लहान आहे का? समुद्राच्या मानाने कुठलीही टाकी लहानच. पण तिथे कसरती करून घेत नाहीत. पंजा दाखव, तोंड उघड, वजनकाट्यावर चढ, एवढंच शिकवलेलं, म्हणजे डॉक्टरांना भूल न देता तपासता यावं. मी यांना एक आकडा सांगितला, घरी येऊन वाचलेला: २००२ ते २०१६ या काळात अशा मानलेल्या आयांनी वाढवलेले सदतीस ऊद सोडले, आणि एल्कहॉर्न स्लू नावाच्या जवळच्या खाडीत त्या काळात ऊदांची संख्या जेवढी वाढली त्यातली निम्म्याहून जास्त वाढ या सदतीस जणांची आणि त्यांच्या पोराबाळांची. हे म्हणाले, "मुद्दल बँकेत अडकलं, व्याज बाहेर फिरतंय." बरं, तसं म्हणा.

मुळात मुद्दलच किती उरलं होतं! १७४१ ला बेरिंग नावाच्या दर्यावर्द्याचं रशियन जहाज फुटलं, वाचलेले खलाशी ऊदांची कातडी घेऊन परतले, आणि त्या कातड्यांना चीनमध्ये सोन्याचा भाव आला. तिथून पुढे दीडशे वर्षं कत्तल. आणि यात आपली मुंबईसुद्धा आहे, हे मला साठी उलटल्यावर कळलं. १७८५ च्या डिसेंबरात मुंबईहून दोन जहाजं निघाली, 'कॅप्टन कुक' आणि 'एक्सपेरिमेंट'. पैसा मुंबईतल्या डेव्हिड स्कॉट या व्यापाऱ्याचा, म्होरक्या कंपनी सरकारचा नोकर जेम्स स्ट्रेंज. आज कॅनडात असलेल्या नूटका साउंडपर्यंत जाऊन त्यांनी सहाशेच्या आसपास कातडी गोळा केली आणि कँटनला नेली. धंदा बेताचाच झाला म्हणतात. इकडे पेशवाईत नाना फडणीस कारभार बघत होते आणि मुंबईची जहाजं पॅसिफिकपार ऊदांच्या कातड्यांमागे! शाळेत इतिहासाच्या बाईंनी हे सांगितलं असतं तर मी इतिहास घेतला असता.

१९११ ला आंतरराष्ट्रीय करार होऊन शिकार थांबली तेव्हा जगात हजार-दोन हजार उरले होते. कॅलिफोर्नियात तर संपलेच असं लोक धरून चालले होते. १९३८ ला बिग सरच्या किनाऱ्यावर, बिक्सबी खाडीच्या तोंडाशी, पन्नासेक जणांचा कळप लोकांच्या नजरेस पडला. आज कॅलिफोर्नियात तीनेक हजार आहेत, सगळे त्या मूठभरांचे वंशज. त्या बिक्सबीच्या पुलावर सगळे मराठी लोक फोटो काढतात. आम्हीही मागच्या खेपेला काढला होता, पुलाकडे तोंड आणि समुद्राकडे पाठ करून.

ऊद परत आले म्हणून सगळ्यांना आनंद झाला असं समजू नका. हा भाग मला जास्त कळला, कारण माझे दीर तिलारी नदीत जाळं टाकतात आणि ऊदाचं नाव काढलं की त्यांच्या तोंडून जे निघतं ते इथे लिहिता येणार नाही. तो मासा खातो वर जाळं फाडतो. कॅलिफोर्नियात अ‍ॅबलोनी नावाचा मोठा शिंपला आणि अर्चिन काढून विकणाऱ्यांचं म्हणणं तेच: हा आमचं खातो. १९८७ पासून सरकारने एकशे चाळीस ऊद उचलून सॅन निकोलस बेटावर नेले आणि मच्छीमारांच्या समाधानासाठी दक्षिणेला ऊदबंदीचा पट्टाच आखला. ऊदाला पट्टा कोण समजावणार? बरेच जण पोहून परत आले. २०१२ ला तो नियम रद्द केला.

दुसरी बाजू अशी की ऊद नसला तर अर्चिन माजतात आणि केल्प बुंध्यापासून कुरतडून टाकतात. जिम एस्टिस आणि जॉन पामिसॅनो यांनी १९७४ मध्ये अलास्काकडची बेटं ताडून दाखवून दिलं: ऊद असलेल्या बेटाभोवती केल्पचं रान, नसलेल्याभोवती अर्चिनचा गालिचा. केल्प गेलं की त्यातले मासेही गेले. हे मी दिरांना फोनवर सांगितलं होतं. ते म्हणाले, "आमच्या नदीत केल्प खंय आसा?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जेवणाचं सांगायचं राहिलं. बाहेर धक्क्याच्या बाजूला एका हॉटेलात पावाची वाटी करून त्यात चाऊडर देतात, तिसऱ्यांची दाट दुधाळ आमटी. सगळे म्हणतात खायलाच हवी. खाल्ली. तिसऱ्यांना दुधात घालून मिठाशिवाय शिजवण्यात काय पुरुषार्थ आहे मला कळलं नाही. पिशवीतली लसणीची चटणी काढून वरून घातली तेव्हा कुठे खाली उतरली. वाढणाऱ्या मुलीने चटणी मागितली, तिला दिली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं पण तिने पुन्हा मागितली. थालीपिठं मात्र घरून न्या.

आणि परत येताना सरळ घरी येऊ नका. पाऊण तासाच्या आत मॉस लँडिंग लागतं, एल्कहॉर्न स्लूचं तोंड. तिकीट नाही. दुर्बीण असली तर बरी, नसली तरी चालतं. लांबून बघा, होडीतून जवळ जाऊ नका, खायला तर मुळीच देऊ नका. दिलं की पुन्हा एक रोझा. त्या उन्हाळ्यात सांताक्रूझला सर्फिंगवाल्यांच्या फळ्या हिसकावून त्यावर स्वतःच बसणारी जी मादी जगभर गाजली ती आठवते का? तिलाही नाव नव्हतं, नंबर ८४१. तिची आई माणसांनी माकूल खायला घालून बिघडवलेली, म्हणून परत आणलेली. ८४१ चा जन्म पिंजऱ्यातला. तिला पकडायला माणसं आठवडेच्या आठवडे होड्या घेऊन फिरली, ती सापडली नाही. आम्ही गेलो त्याच आठवड्यात बातमी होती की तिच्या छातीवर पिल्लू दिसलंय. नातवाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मॉस लँडिंगला ऊन कलतं होतं. बंदराच्या आतल्या संथ पाण्यात ऊदांचा तांडा, पाय वर, पंजे हवेत धरून, जसे काही हात वाळवत पडलेत. यांनी मोजले: चौदा. पुन्हा मोजले: सतरा. एक आई जरा बाजूला होती, पोटावर पिल्लू. तिने पिल्लाला शेपटीपासून डोक्यापर्यंत चाटून फुगवलं, पाण्यावर ठेवलं, आणि खाली गेली. पिल्लू बुचासारखं डुलत किंचाळायला लागलं, अगदी समुद्रपक्ष्यासारखं. मिनिटभराने ती कुर्ली घेऊन वर आली, पिल्लू छातीवर, कुर्ली पिल्लाच्या बाजूला, आणि पिल्लाने कुर्लीचा पाय तोडून आईच्या तोंडातून काढून घेतला. पिल्लू सहा महिन्यांचं होईपर्यंत आईला जवळजवळ दुप्पट खावं लागतं, हे मी आत ऐकून आले होते. इथे ती पाचव्यांदा बुडी मारताना पाहिली. तिला नाव नसणार. तिला वाढवणारी रोझा असेल, नसेलही, विचारायला कुणी नव्हतं.

रोझा पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये गेली. लेकीने फोनवर सांगितलं.

त्या संध्याकाळी मी तांड्याचा फोटो कौटुंबिक ग्रुपवर टाकला होता. कॅलिफोर्नियातही एकेकाळी ऊद जाळ्यांत अडकून बुडायचे, मग तशा जाळ्यांवर बंधनं आली, हेही खाली लिहिलं. भारतात पहाट झाली असणार. दिरांचं उत्तर सगळ्यांत आधी आलं:

"वयनी, एवढे ऊद! थंयच्या लोकांका सांग, जाळी वायच वर काढून ठेवा."